साक्षीदार बोलावलात, तर उलटतपासणीही सोसा

नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीपुढे एक लांबलचक भाषण केलं. विश्वाला कधीतरी आरंभ झाला असं आता खुद्द भौतिकशास्त्रच म्हणू लागलंय. आरंभ आहे तर निर्माता आहे, निर्माता आहे म्हणजे ईश्वर आहे, अशी त्या भाषणाची चढती भाजणी होती. भाविक सुखावले, नास्तिक चिडले. यात नवल काही नाही. पण सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले ते त्याच अकादमीचे एक सदस्य, जॉर्ज लमेत्र. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून काढून दाखवणारे आणि १९३१ मध्ये अवघ्या विश्वाचा उगम एका ‘आद्य अणू’त असावा असं सुचवणारे बेल्जियन शास्त्रज्ञ ते हेच. आज आपण ज्याला महास्फोट म्हणतो, त्या कल्पनेचं पितृत्व त्यांच्याकडे जातं. आणि लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते.

म्हणजे पोप ज्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून नेम धरत होते तो खांदा एका धर्मगुरूचाच होता, आणि त्यालाच ते नको होतं. लमेत्र यांनी आपली हरकत व्हॅटिकनपर्यंत पोचवली. पुढच्या वर्षी पोप खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यापुढे बोलले तेव्हा तो मुद्दा भाषणात नव्हता. आपला सिद्धान्त देवाधर्माच्या प्रश्नात पडतच नाही, ही लमेत्र यांची भूमिका शेवटपर्यंत कायम राहिली. देव नाकारणाऱ्याची मोकळीक त्यानं हिरावली जात नाही, आणि मानणाऱ्यालाही त्या पहिल्या क्षणात देवाला चिमटीत पकडल्याचा आव आणता येत नाही.

आता पलीकडची बाजू. फ्रेड हॉइल हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नास्तिक होते. विश्वाला आरंभ असावा ही कल्पनाच त्यांना रुचत नव्हती, आणि तिला येणारा धर्माचा वास हे त्या नावडीचं एक कारण होतं. १९४८ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर आरंभ नसलेल्या, सदा एकसारख्या विश्वाचा पर्याय मांडला. गंमत म्हणजे ‘बिग बँग’ हे नाव त्यांचंच, १९४९ च्या एका रेडिओ भाषणातलं. पुढे १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला. विश्वाच्या तप्त आरंभाचा उरलेला अंश म्हणजे या लहरी, असा त्यांचा अर्थ लागला आणि पारडं लमेत्र यांच्याकडे झुकलं. मृत्यूच्या थोडं आधी, १९६६ मध्ये, ही बातमी लमेत्र यांच्या कानावर पडली. हॉइल मात्र अखेरपर्यंत मानले नाहीत.

धर्मगुरूनं विज्ञानाची साक्ष हाती असून वापरायला नकार दिला आणि नास्तिकाला नावडती साक्ष गिळवेना. आस्तिक विरुद्ध नास्तिक या वादाचं जे ठोकळेबाज चित्र आपल्या डोक्यात असतं, त्यात ही जोडी कुठेच बसत नाही.

मी नास्तिक आहे. उमेदीच्या वर्षांत असल्या वादांत मी पुष्कळ तोंड घातलंय, टाळ्याही मिळवल्यात. ‘देव नाही हे विज्ञानानं सिद्ध केलंय’ हे वाक्य किती वेळा फेकलं असेल याची मोजदाद नाही. समोरून उत्तर यायचं, ‘उलट विज्ञानच आता देवाकडे निघालंय!’ एकाच साक्षीदाराचे दोन हात धरून आम्ही दोन बाजूंना ओढत होतो, आणि बाबा रे, तुला नेमकं काय ठाऊक आहे, हे त्याला विचारायला कुणालाच सवड नव्हती.

आज माझं म्हणणं साधं आहे. या वादात विज्ञानाला साक्षीला बोलावलंत, तर उलटतपासणी सोसण्याची तयारी ठेवा. सोयीची जबानी पदरात पाडून घ्यायची आणि गैरसोयीची निघाली की ‘हे विज्ञानाच्या पलीकडचं आहे’ म्हणत साक्षीदाराला पिंजऱ्यातून खाली उतरवायचं, हा खोटेपणा झाला. दुसरं म्हणजे, ही साक्ष काढण्यात श्रद्धेला मिळतं त्यापेक्षा ती गमावते जास्त. हे दुसरं माझ्यासारख्यानं सांगावं हा आगाऊपणा वाटेल, म्हणून ते श्रद्धावंतांच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला संत ऑगस्टीन यांनी बायबलमधल्या उत्पत्तीच्या कथेवर भाष्य लिहिलं. त्यात ते आपल्याच धर्मबंधूंवर वैतागलेले दिसतात. पृथ्वी, आकाश, ताऱ्यांच्या गती, ग्रहणं यांविषयी धर्माबाहेरच्या माणसालाही तर्कानं आणि अनुभवानं बरंच कळलेलं असतं. त्याच्यासमोर एखादा ख्रिस्ती माणूस धर्मग्रंथाचा हवाला देऊन या विषयांवर बरळू लागला, तर ऐकणारा हसणारच. आणि ज्या गोष्टी त्याला स्वतःला पडताळता येतात त्यांतच ग्रंथ चुकतो असं एकदा त्याला वाटलं, तर पुनरुत्थान आणि अनंत जीवन याबद्दल त्याच ग्रंथावर त्यानं का म्हणून विश्वास ठेवावा?

अकराव्या शतकाच्या अखेरीस इस्लामी धर्मपंडित इमाम गझाली यांनी हेच आणखी तिखटपणे सांगितलं. गझाली काही तत्त्वज्ञांचे मित्र नव्हेत. ज्या ग्रंथात हे येतं तो तत्त्वज्ञांच्या खंडनासाठीच लिहिलेला आहे. पण सुरुवातीलाच ते आपल्या बाजूच्या अतिउत्साही मंडळींना दम भरतात. चंद्र-सूर्याची ग्रहणं कशी होतात हे भूमितीनं सिद्ध झालेलं आहे. ते खोडणं हे धर्मकर्तव्य आहे असं मानणारा माणूस धर्माचंच नुकसान करतो, कारण ज्याला ते गणित येतं तो गणितावर शंका घेणार नाही, धर्मावर घेईल. धर्मावर नीट पद्धतीनं हल्ला करणाऱ्यापेक्षा चुकीच्या पद्धतीनं त्याची बाजू घेणारा जास्त घातक. अडाणी मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा, ही म्हणही ते तिथे देतात.

हे वाचताना मला दरवेळी वाटतं, की नऊशे वर्षांपूर्वीच्या या इशाऱ्याचा फलक करून आजच्या प्रत्येक वादसभेच्या दारावर लावावा. आणि तो आस्तिकांसाठी असला, तरी आम्हीही आत जाताना वाचावा.

पुढे न्यूटन यांचं प्रकरण झालं. ग्रह एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांच्या कक्षा हळूहळू बिघडत जाणार. तेव्हा देव अधूनमधून हात घालून त्या ठाकठीक करत असणार, असं न्यूटन यांना वाटे. यावर सगळ्यात बोचरी टीका केली ती जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्स यांनी, आणि तेही श्रद्धावंतच. म्हणजे तुमचा देव एवढा कच्चा कारागीर, की त्याला स्वतःच्या घड्याळाला वरचेवर किल्ली द्यावी लागते? १७१५ मध्ये त्यांनी हे लिहिलं. त्याच शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच गणिती लाप्लास यांनी दाखवून दिलं, की गुरू आणि शनी यांच्या गतींतला जो फरक साठत जाणारा वाटत होता, तो सुमारे ९०० वर्षांच्या आवर्तनात फिरून जागेवर येतो. दुरुस्तीची गरजच उरली नाही. नेपोलियननं ‘यात देव कुठे आहे?’ असं विचारल्यावर लाप्लास ‘मला त्या गृहीतकाची गरज भासली नाही’ म्हणाले, ही कथा नास्तिकांची आवडती. ती शब्दशः तशीच घडली का, कोण जाणे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की न्यूटन यांनी देवाला ज्या फटीत बसवलं होतं ती फटच बुजली, आणि असं काही होईल ही काळजी आधी एका आस्तिकाला पडली होती.

फटीतल्या या देवाबद्दल सगळ्यात प्रामाणिक वाक्यं मला सापडली ती तुरुंगातल्या एका पत्रात. डीट्रिख बोनहोफर हे जर्मन पाद्री हिटलरविरोधी कारवायांमुळे बर्लिनच्या तुरुंगात होते. मे १९४४ मध्ये ते भौतिकशास्त्राच्या जगदृष्टीवरचं एक पुस्तक वाचत होते, आणि त्यावरून मित्राला त्यांनी लिहिलं, की आपल्या अपुऱ्या ज्ञानाला ठिगळ म्हणून देवाला वापरणं चूक आहे. ज्ञानाची सीमा पुढे सरकत जाणार आणि तिच्याबरोबर देवही मागे मागे हटत जाणार. देवाला आपण जे जाणतो त्यात शोधायचं, जे जाणत नाही त्यात नव्हे. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिलं गेलं. मरणाच्या छायेत बसलेला माणूस आपल्या श्रद्धेसाठी भौतिकशास्त्राकडून एक उसना पुरावासुद्धा घ्यायला तयार नव्हता. आणि इकडे आरामखुर्चीत बसून लोक पुंज-यांत्रिकीच्या अनिश्चिततेत आत्मा शोधतात.

‘हे तर आमच्या ग्रंथात आधीच लिहिलंय’ या प्रकारावर फार वेळ घालवावा असं नाही, पण मेघनाद साहांचा किस्सा सांगितल्यावाचून राहवत नाही. ताऱ्यांच्या वातावरणातल्या अणूंचं आयनीभवन, म्हणजे त्यांतले इलेक्ट्रॉन सुटणं, कसं होतं याचं समीकरण त्यांनी १९२० मध्ये मांडलं आणि ताऱ्यांच्या वर्णपटाचं कोडं उलगडलं. एका ज्येष्ठ वकिलांना ते आपलं काम उत्साहानं समजावून सांगत होते. वकीलसाहेब मध्येमध्ये म्हणायचे, यात नवीन काय, हे सगळं वेदात आहे. साहांनी विचारलं, नेमकं कुठे? उत्तर आलं, मी स्वतः वेद वाचलेले नाहीत. पण तुम्ही नवीन म्हणून जे सांगता ते सगळं त्यात आहे अशी माझी खात्री आहे. साहांनी पुढे लिहिलं, की नंतर कित्येक वर्षं मी ते ग्रंथ चाळले. आधुनिक विज्ञानाची तत्त्वं काही त्यांत सापडली नाहीत. अशा दाव्याला प्रश्न एकच विचारावा: प्रयोगशाळेत शोध लागण्याच्या आधी ग्रंथ वाचून कुणी तो लावला होता का? शोध लागल्यावरच ज्या ओळीचा अर्थ कळतो, ती ओळ साक्षीदार नव्हे. निकाल लागल्यानंतर कोर्टाच्या पायरीवर उभं राहून ‘मी म्हणालोच होतो’ म्हणणारा प्रेक्षक आहे.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर खऱ्या कोर्टात जाऊ. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचं गाव आहे. तिथल्या शाळा मंडळानं २००४ मध्ये ठरवलं, की जीवशास्त्राच्या वर्गात मुलांना डार्विनच्या सिद्धान्तातल्या उणिवा आणि ‘बुद्धिमान रचने’चा पर्याय यांची जाणीव करून द्यायची. सजीवांची काही अंगं इतकी गुंतागुंतीची आहेत की ती कुणी बुद्धीनं रचलेलीच असणार, असा हा पर्याय. रचणारा कोण, ते जाणीवपूर्वक सांगायचं नाही. अकरा पालक कोर्टात गेले आणि २००५ च्या शरदात खटला उभा राहिला.

या खटल्यात उलटतपासणी म्हणजे काय ते दिसलं. बुद्धिमान रचनेच्या बाजूचे सगळ्यात वजनदार साक्षीदार, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांचं म्हणणं होतं, की शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा उत्क्रांतीनं कशी घडली याचं उत्तर शास्त्रीय साहित्यात नाही. वकिलानं त्यांच्यासमोर त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, नऊ पुस्तकं आणि पाठ्यपुस्तकांतली प्रकरणं यांची चळत रचली. बेही म्हणाले, एवढं पुरेसं नाही. वैज्ञानिक सिद्धान्ताची तुम्ही जी व्याख्या करता तीत फलज्योतिष बसेल का, या प्रश्नावर त्यांना ‘बसेल’ असं म्हणावं लागलं. मुलांना ज्या पुस्तकाकडे पाठवलं जात होतं त्याचे जुने खर्डे कोर्टात आले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेत सृष्टिनिर्मितीवाद शिकवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली होती. त्याच सुमारास या खर्ड्यांतला ‘सृष्टिनिर्मितीवादी’ हा शब्द जागोजाग खोडून ‘रचनेचे पुरस्कर्ते’ असं केलेलं होतं. घाईत एके ठिकाणी अर्धा जुना आणि अर्धा नवा असं शब्दाचं कडबोळं तसंच राहून गेलं होतं! न्यायमूर्ती जॉन जोन्स यांना रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलं होतं. त्यांनी १३९ पानी निकालात हे विज्ञान नाही असं स्वच्छ सांगितलं.

नास्तिकांच्या आठवणीत हा खटला आपला विजय म्हणून राहिलाय. पण पालकांच्या बाजूनं पहिला साक्षीदार म्हणून उभे राहिले ते केनेथ मिलर, जीवशास्त्रज्ञ आणि श्रद्धाळू कॅथलिक. त्याच बाजूनं जॉन हॉट या कॅथलिक धर्मतत्त्वज्ञांनीही साक्ष दिली. खोट्या साक्षीचा राग त्यांना आमच्याइतकाच, कदाचित जास्त होता. आपल्या देवाचं नाव लपवून, वेश बदलवून त्याला वर्गात घुसवायचा, यात त्यांना देवाचाही अपमान दिसत असला पाहिजे.

प्रार्थनेच्या गुणाची तपासणी हे याहून नाजूक प्रकरण. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १८०२ रुग्णांवर अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत एक मोठा प्रयोग झाला आणि २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. पैसा मुख्यतः धर्म आणि विज्ञान यांच्यात संवाद व्हावा अशी इच्छा असलेल्या टेंपलटन प्रतिष्ठानाचा. रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. या दोन्ही गटांना ‘कदाचित होईल, कदाचित नाही’ एवढंच सांगितलं होतं. तिसऱ्या गटाला ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार’ असं खात्रीनं सांगितलं आणि तशी ती केली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. तिसऱ्यात, जिथे खात्री दिली होती, ५९.

निकाल लागल्यावर पुष्कळ भाविक म्हणाले, प्रार्थना म्हणजे काय गोळी आहे, मात्रा मोजून द्यायला? देवाची परीक्षा घ्यायची नसते. मला हे म्हणणं पटतं. खरोखर पटतं. देव म्हणून कुणी असेल, तर तो रुग्णांच्या यादीतली चिठ्ठी पाहून कृपा वाटेल असं मानणं हा श्रद्धेचा पोरकट अवतार आहे. पण मग मनात येतं: आकडे उलटे लागले असते तर? पहिल्या गटात गुंतागुंत निम्म्यावर आली असती, तर यांतल्या किती जणांनी म्हटलं असतं, की हा निष्कर्ष मांडू नका, प्रार्थना मोजायची गोष्ट नाही? लमेत्र यांनी म्हटलं असतं. बोनहोफर यांनी नक्की म्हटलं असतं. बाकीच्यांची मला खात्री नाही.

नास्तिकांनी या आकड्यांचं जे केलं तेही सांगायला हवं. ‘प्रार्थना घातक असते’ असे विनोद सुरू झाले. ५९ आणि ५२ मधल्या फरकाचं कारण योगायोग असू शकतं, किंवा आपल्यासाठी प्रार्थना करायची वेळ आली म्हणजे आपली तब्येत बरीच बिघडलेली असणार, ही धास्ती. प्रार्थनेनं अपाय होतो हे त्यातून निघत नाही, आणि देव नाही हे तर मुळीच निघत नाही. अनोळखी माणसानं दुरून केलेल्या प्रार्थनेचा शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीवर चांगला परिणाम दिसला नाही, एवढीच साक्ष आहे. तिच्यापुढे एक शब्द ढकलला, की आम्हीही पढवलेले साक्षीदार उभे करणाऱ्यांच्या रांगेत.

येशूचा मृतदेह ज्यात गुंडाळला होता ते कापड अशी ज्याची ख्याती, त्या इटलीतल्या तुरिनच्या कफनाचंही असंच झालं. १९८८ मध्ये ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना अशा तीन प्रयोगशाळांनी कार्बन कालमापनानं त्या कापडाचं वय काढलं: इ.स. १२६० ते १३९०. तुरिनच्या कार्डिनलनी तो निकाल स्वतः जाहीर केला, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. मग सुरू झाली साक्षीदाराचीच बदनामी. नमुना ठिगळाचा होता, कापडावर जिवाणूंचा थर होता, पुनरुत्थानाच्या क्षणी किरणोत्सार होऊन कार्बनचं प्रमाण बदललं असेल. यातल्या काही शंका तपासण्याजोग्या आहेत, आणि शंका घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. पण पहिल्या शतकातलं वय निघालं असतं तर यांतली एकही शंका कुणाला सुचली नसती, यावर मी पैज लावायला तयार आहे.

या सगळ्या कटकटीवर स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मतज्ज्ञांनी १९९७ मध्ये एक समंजस तोडगा सुचवला होता. विज्ञानाचं क्षेत्र वेगळं, धर्माचं वेगळं. जग कसं आहे हे विज्ञानानं सांगावं, जगण्याचा अर्थ आणि नीती धर्मानं पाहावी. मध्ये कुंपण घाला आणि शेजाऱ्यासारखे राहा. गूल्ड स्वतः अज्ञेयवादी, आणि हेतू अगदी भला. पण मला हे कुंपण टिकणारं वाटत नाही. धर्म जगाविषयी बोलतोच. अमुक माणूस मेला आणि उठला, अमुक वेळी समुद्र दुभंगला, मेल्यावर काहीतरी उरतं आणि दुसऱ्या देहात जातं, ही विधानं जगण्याच्या अर्थाविषयीची नाहीत. काय घडलं, काय घडतं याविषयीची आहेत. ती काढून टाकून उरणाऱ्या धर्माला बहुतेक धार्मिक माणसं आपला धर्म म्हणून ओळखणारही नाहीत. आणि नीतीचा मक्ता धर्माला द्यायला मी तयार नाही, पण तो वेगळा लेख होईल.

कुंपणापेक्षा मला दाव्यांची वर्गवारी उपयोगी वाटते. आपले शब्दच इथे काही शिकवतात. आस्तिक म्हणजे देव मानणारा हा अर्थ आज आपल्याला स्वयंसिद्ध वाटतो. पाणिनीच्या सूत्रात ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक आणि ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे किंवा नाही, याचा खुलासा टीकाकार परलोक असा करतात. दर्शनांच्या वाटणीत आस्तिक म्हणजे वेदप्रामाण्य मानणारा. म्हणून जगाचा कर्ता देव नाकारणारे मीमांसक आस्तिक ठरले आणि बौद्ध-जैन नास्तिक. देव आहे, परलोक आहे, ग्रंथ प्रमाण आहे: हे तीन निराळे दावे, आणि विज्ञानाचं प्रत्येकाशी नातं निराळं. पृथ्वी सहा-दहा हजार वर्षांची आहे असं एखाद्या ग्रंथाच्या आधारानं कुणी म्हणत असेल, तर विज्ञान ठणकावून नाही म्हणेल. ती सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे. मेल्यानंतरची जाणीव हा त्याहून अवघड विषय, तरी मेंदूला इजा झाल्यावर स्मृती आणि स्वभाव कसे तुटतात हे पाहिल्यावर तिथेही साक्ष बरीच एका बाजूला जाते. पण सगळ्या अस्तित्वाला आधार देणारं, कुठल्याही एका घटनेत वेगळं न दिसणारं असं काही आहे का? इथे साक्षीदार खांदे उडवतो. त्याला ते ठाऊक नाही, कारण त्याला विचारण्याजोगं तिथे काही घडतच नाही.

मग मी नास्तिक कशाच्या बळावर? प्रयोगशाळेच्या नव्हे. असं काही मानायला पुरेसं कारण मला दिसत नाही, आणि कारण नसताना मानणं मला जमत नाही. हा तत्त्वज्ञानातला निर्णय आहे. त्याला विज्ञानाचा शिक्का मारून घ्यायचा मोह आमच्या बाजूला फार जुना आहे. सोव्हिएत राज्यात ‘वैज्ञानिक निरीश्वरवाद’ हा चक्क विद्यापीठातला विषय होता. ‘अंतराळात जाऊन आलो, देव कुठे दिसला नाही’ हे वाक्य गागारिन यांच्या तोंडी घातलं गेलं. त्यांच्या उड्डाणाच्या संभाषणात ते नाही. त्याच निरीश्वरवादी राज्यानं आनुवंशशास्त्राला भांडवलशाही थोतांड ठरवून ते शास्त्र नाकारणाऱ्या लिसेंको या कृषितज्ज्ञाला डोक्यावर घेतलं, आणि निकोलाय वाविलोव्ह यांच्यासारखा जगातल्या पिकांच्या बियाण्यांचा संग्रह उभारणारा शास्त्रज्ञ १९४३ मध्ये तुरुंगात मेला. गॅलिलिओंचं नाव घेताना आम्ही वाविलोव्ह यांचंही घ्यावं. साक्षीदाराचं तोंड दाबणाऱ्याच्या अंगावर दरवेळी धर्माचाच झगा असतो असं नाही.

या वादाच्या इतिहासात सगळ्यांना आठवते ती ऑक्सफर्डची सभा, ३० जून १८६०. विषय डार्विनचा सिद्धान्त. बिशप विल्बरफोर्स यांनी डार्विन यांचे खंदे समर्थक, जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली यांना माकडाच्या वंशावरून टोमणा मारला आणि हक्सलींनी तो सव्याज परत केला. त्या सभेचा शब्दशः वृत्तान्त कुणी लिहून ठेवलेला नाही. हक्सलींना वाटलं आपण जिंकलो, बिशपना वाटलं आपण. डार्विन यांचे मित्र हूकर यांना वाटलं, खरा बार मीच उडवला. त्यानंतरच्या बहुतेक वादसभांचंही याहून वेगळं काही होत नाही.

खुद्द डार्विन त्या सभेला नव्हते. पण सभेच्या पाचएक आठवडे आधी, २२ मे रोजी, त्यांनी अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना एक पत्र लिहिलं होतं. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि अमेरिकेत डार्विन यांची बाजू सगळ्यात खंबीरपणे लढवणारे. या पत्रात डार्विन विज्ञानाला साक्षीला बोलावत नाहीत. जिवंत सुरवंटांच्या शरीरात अंडी घालून त्यांना आतून खाणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू, सर्वशक्तिमान देवानं मुद्दाम निर्माण केल्या असतील हे माझ्या मनाला पटत नाही, असं ते लिहितात. लगेच पुढे हेही, की हे अद्भुत विश्व आणि विशेषतः माणूस, हे सगळं निव्वळ आंधळ्या शक्तीचं फळ आहे यावरही माझं समाधान होत नाही. हा विषय माणसाच्या बुद्धीला झेपणारा नाही. कुत्र्यानं न्यूटनच्या मनाविषयी तर्क करावेत तसं हे आहे. नऊ वर्षांपूर्वी दहा वर्षांची मुलगी ॲनी गमावलेल्या बापाचं हे पत्र आहे. त्यात ॲनीचं नाव नाही.

ग्रे यांना ते पटलं नाही. बदल घडतात त्यांना देवानंच हितकर दिशा दिलेली असावी, असं त्यांना वाटत राहिलं. नैसर्गिक निवड आणि ईश्वरी योजना यांत विरोध नाही असं सांगणारे त्यांचे लेख डार्विन यांनी खटपट करून, पदरचे पैसे घालून इंग्लंडमध्ये पुस्तिकेच्या रूपात छापवून घेतले आणि लोकांना पाठवले. १८६८ च्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी मात्र त्यांनी ग्रे यांचं नाव घेऊन त्या युक्तिवादाचा प्रतिवाद केला. कड्यावरून पडलेल्या ओबडधोबड दगडांतले निवडून कुणी इमारत बांधली, तर प्रत्येक दगडाला तो आकार त्या इमारतीसाठीच दिला होता असं म्हणता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. ग्रे आस्तिकच राहिले, डार्विन स्वतःला अज्ञेयवादी म्हणू लागले, आणि पत्रं जात-येत राहिली. १८७७ मध्ये फुलांच्या विविध रूपांवरचं डार्विन यांचं पुस्तक निघालं. ते त्यांनी आदराची आणि स्नेहाची छोटीशी भेट म्हणून एसा ग्रे यांना अर्पण केलं आहे.